एकाच मंडळीतला सहकारी कामावर खोटं करताना दिसला तर: क्षमा कोणी करायची, तक्रार कोणी?

भोसरीकर (धागाकर्ता)

सलाम सर्वांना. विषय नाजूक आहे, म्हणून आधी एक उदाहरण ठरवून घेऊ. नाहीतर चर्चा लगेच 'प्रीती सगळं सहन करते' आणि 'चोराला चोर म्हणा' या दोन टोकांना जाऊन बसते.

समजा, औषध वितरकाचं ऑफिस आहे. दोघे सहकारी एकाच मंडळीचे, म्हणजे एकाच चर्चचे सभासद, त्यातला एक तिथल्या तरुण संघाचा खजिनदार. तो रोज दुचाकीवर वसुलीला फिरतो. कंपनी किलोमीटरमागे 4 रुपये देते. व्हाउचरवर रोज 62 किमी लिहिलेले असतात, मीटरच्या फोटोंवरून फिरणं 40 च्या आसपास दिसतं. व्हाउचर 25 तारखेला वर जातात आणि त्याआधी दुसऱ्याच्या टेबलावर तपासणीच्या सहीसाठी येतात.

आता सही करणाऱ्याने काय करायचं? बायबलमधल्या मत्तय 18 प्रमाणे एकांतात बोलायचं की थेट साहेबांकडे जायचं? त्याने कबूल केलं तर तिथेच मिटवायचं का?

स्वतःचे किस्से नकोत, कोणाची नावं तर अजिबात नकोत. पद्धत सांगा.

खतावणी

बोलण्याआधी आकडा काढा. रोजचे 22 किमी जास्त, गुणिले 4 म्हणजे 88 रुपये. कामाचे 24 दिवस धरले तर महिन्याला 2,112. आठ महिने चाललं असेल तर 16,896. आकडा न घेता गेलात तर समोरून 'अरे, थोडं इकडेतिकडे होतं' असं उत्तर येणार, आणि त्यावर तुमच्याकडे बोलायला काही नसणार.

आकड्याच्याही आधी हे बघा:

- पहिला फोटो घरून निघताना काढलाय की ऑफिसातून? घर ते पहिलं दुकान हे अंतर कंपनी धरते का? बहुतेक भांडणं इथेच असतात.
- मीटरची केबल तुटली की मीटर थांबतं, गाडी थांबत नाही. गॅरेजची पावती आहे का?
- कोणतेही तीन दिवस उचला. वसुलीच्या पावत्यांवरचे पत्ते आणि वेळा घेऊन नकाशावर अंतर मोजा. तीनही दिवस 40 च्या आसपास आले तर मीटरचा वाद संपला.
- वरिष्ठाने तोंडी सांगितलं होतं का, की 'पार्किंग आणि रिचार्ज वेगळं मिळत नाही, किलोमीटरमध्ये टाक'? छोट्या फर्ममध्ये हे सर्रास चालतं. व्हाउचर तरीही खोटंच, पण मग जबाब एकट्या खजिनदाराने द्यायचा नाही.

आणि सहीबद्दल. शंका येण्याआधी केलेली सही हा निष्काळजीपणा. शंका आल्यावर केलेली सही म्हणजे सामील होणं. पुढच्या 25 तारखेच्या व्हाउचरवर सही करू नका, मग बोलणं झालेलं असो वा नसो.

पाळकाचीझोळी

खतावणीताईंनी पाया घातलाच आहे, मी शास्त्राच्या बाजूने बोलतो.

या विषयात सगळ्यात मोठा गोंधळ एकच: क्षमा करायची कोणी? ज्याचं देणं आहे तोच माफ करू शकतो. सहकाऱ्याने तुम्हाला फसवलं, तुमच्या विश्वासाचा गैरफायदा घेऊन खोट्यावर सही घेतली, ते तुमचं देणं आहे. ते आज, आत्ता, त्याने मागण्याआधी सोडा. मार्क 11:25 मध्ये प्रार्थनेला उभं राहताना क्षमा करायला सांगितलंय, समोरच्याच्या कबुलीची अट तिथे नाही. पण 16,896 रुपये मालकाचे आहेत. ते माफ करण्याचा अधिकार तुम्हाला नाही, मला नाही, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीलाही नाही. दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म केला तर त्याला कृपा म्हणत नाहीत.

मत्तय 18:15 बद्दल एक बारीक गोष्ट. 'तुझा अपराध केला' यातला 'तुझा' काही सर्वात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत, सायनायटिकस आणि व्हॅटिकनसमध्ये, नाही. त्यामुळे 'माझं काय बिघडवलंय त्याने, मी कशाला बोलू' ही पळवाट फारशी टिकत नाही. गलतीकर 6:1 तर सरळच आहे: अपराधात सापडलेल्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा. तिथे जे ग्रीक क्रियापद आहे तेच मार्क 1:19 मध्ये जब्दीची मुलं तारवात बसून जाळी नीट करत होती तिथे येतं. फाटलेलं जाळं कोणी समुद्रात फेकत नाही आणि तसंच भोक ठेवून टाकतही नाही. वसईचे निर्मळनाका हे माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

क्रम असा: एकटा, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळी. आणि तरीही ऐकलं नाही तर शेवटी त्याला 'जकातदारासारखा' समजायचं. हे वाक्य लिहिणाऱ्या शुभवर्तमानाला ज्याचं नाव आहे तो मत्तय स्वतः जकात नाक्यावरून उठून आलेला (9:9). तेव्हा 'जकातदारासारखा' म्हणजे तोंड न बघणं, असा अर्थ लावण्याआधी जरा थांबा.

तिखटमीठ

झालं सुरू. एकटा, मग दोघं, मग मंडळी, तोवर तीन व्हाउचर पास होतात आणि मीटरचे फोटो फोनमधून उडतात. आपल्या लोकांची ही जुनी खोड आहे: ख्रिस्ती माणूस सापडला की 'समेट', बाकीच्यांचा सापडला की 'मेमो'. शेजारच्या टेबलावरचे शिंदे आणि शेख हे बघत असतात. त्यांच्या भाषेत याला पाठीशी घालणं म्हणतात, आणि ते बरोबर म्हणतात.

एचआरकोपरा

तिखटमीठ, पुरावा उडण्याचा मुद्दा रास्त आहे. म्हणून क्रम मोडायचा नाही, मुदत घालायची.

व्हाउचरच्या मूळ प्रती ऑफिसच्या फाइलमध्येच राहू द्या. घरी नेऊ नका, स्वतःच्या खासगी फोनमध्ये फोटो साठवू नका. सहकाऱ्याचा मोबाइल उघडून बघणं, गुपचूप रेकॉर्डिंग करणं, हे तर मुळीच नको. तारीखवार नोंद एका कागदावर: काय दिसलं, कुठल्या कागदात. 'त्याची नियत' वगैरे काही लिहायचं नाही.

मग बोलणं. 25 ला व्हाउचर जातात, तर 18-19 च्या सुमाराला बोला. जागा ऑफिसच्या बाहेर पण उघडी, चहाची टपरी चालेल. चर्चचं आवार नको, तिथे त्याला वाटतं सगळी मंडळी ऐकतेय. शनिवारी संध्याकाळीही नको, रविवारची उपासना दोघांचीही जाते.

बोलायचं साधारण असं:

"दादा, तुझी मार्च आणि एप्रिलची व्हाउचरं मी तपासली. रोज 62 लिहिलंय, फोटोत 40 दिसतायत. तीन दिवस पावत्यांवरून मोजून बघितले, तेवढेच येतात. माझं कुठे चुकतंय का ते मला सांग."

आणि गप्प बसा. खरं काम या गप्प बसण्यात आहे. दहा-पंधरा सेकंद जड जातात, माणूस घाईने 'नाही, म्हणजे मी तुला चोर म्हणत नाहीये' असं भरत सुटतो आणि समोरच्याची कबुलीची वाट स्वतःच बुजवतो.

कारण पटण्यासारखं आलं तर माफी मागा आणि कागद नीट करून घ्या. कबूल केलं तर पुढचं वाक्य तयार हवं: "24 पर्यंत तू स्वतः साहेबांना सांग. हवं तर मी बरोबर येतो. तू नाही सांगितलंस तर 25 ला मी सही न करता कारण लिहून कागद परत पाठवणार आहे. हे तुझ्या मागे करायचं नाही म्हणून आज सांगतोय."

ही धमकी नाही, कारण तुम्हाला यातून काही मिळत नाही. 'नाहीतर बघ' म्हणून स्वतःसाठी एखादी शिफ्ट किंवा सुट्टी मागितली की ती धमकी.

साक्षीदारांची पायरी ऑफिसच्या बाबतीत बहुतेक वेळा लागत नाही, सहा दिवसांत विषय कंपनीकडे जातो. मंडळीची पायरी समांतर चालते: ती त्याच्या मनासाठी आहे, व्हाउचरसाठी नाही.

निर्मळनाका

जाळ्याबद्दल पाळकसाहेबांशी सहमत. फाटलेला भाग आधी कापून मोकळा करावा लागतो, मग नवा दोरा. कापायचं राहिलं तर गाठ धरत नाही.

आमच्याकडच्या कॅथलिक मंडळींसाठी एक सावधानता. खजिनदार फादरांकडे पापनिवेदन (पाप कबूल करण्याचा संस्कार) करून आला तर फादर त्यातलं अक्षरही बाहेर काढू शकत नाहीत. मध्यस्थी करायला, साहेबांशी बोलायला ती माहिती वापरूही शकत नाहीत. चर्चच्या कायद्याचं 983 आणि 984 कलम. फादर त्याला 'पैसे परत कर' असं मात्र सांगू शकतात. मध्यस्थ म्हणून फादर हवे असतील तर संस्काराच्या बाहेर, साध्या भेटीत सांगायचं. हे न कळल्यामुळे 'फादरांना माहीत होतं तरी गप्प बसले' असा राग विनाकारण धरला जातो.

आणि एक विचारतो: 1 करिंथ 6 चं काय? भावाने भावाला अविश्वासूंपुढे न्यायला नेऊ नये म्हणतात.

पाळकाचीझोळी

तिथे दोन विश्वासणारे आपापसातल्या व्यवहारावरून कोर्टात भांडतायत, आणि हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की त्यापेक्षा स्वतः नुकसान सोसा. *स्वतः*. तुमचे 5,000 रुपये हातउसने घेऊन त्याने बुडवले असते तर हा अध्याय तुम्हाला लागू होता. मालकाने तुमच्या सहीवर ठेवलेला विश्वास तुम्ही परस्पर 'सोसू' शकत नाही. मालक कोणत्या धर्माचा आहे याचा इथे संबंध नाही.

वकिलीण

कायद्याची बाजू, मोजकी.

कंपनीच्या अधिकृत माणसाकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामीच्या व्याख्येतून अपवाद आहे. तीच माहिती तरुण संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अमुक बंधूंसाठी प्रार्थना करा, ऑफिसात पैशांच्या मोहात पडलेत' अशी टाकली की भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 चा विषय होतो. प्रार्थना विनंतीचं पाकीट लावल्याने आतला मजकूर बदलत नाही.

नोकराने मालमत्तेबाबत केलेल्या विश्वासघाताला कलम 316 खाली 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खोटं व्हाउचर बऱ्याचदा फसवणुकीतही बसतं. दोन्हींत न्यायालयाच्या परवानगीने मिटवून घेण्याचा हक्क ज्याचं नुकसान झालं त्याला आहे. म्हणजे पाळकसाहेब जे म्हणाले तेच कायदाही म्हणतो.

मध्यस्थांनी 'पैसे भर, आम्ही पोलिसांना कळू देणार नाही' असा कागद करू नये. गुन्हा लपवण्याच्या बदल्यात काही घेणं हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

मालकाने पगारातून वळतं करायचं ठरवलं तर आधी कामगाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि एका पगारातली एकूण कपात निम्म्यावर जाऊ नये. 'एक महिना पगारच देत नाही' हे मालकालाही करता येत नाही. त्याच्या बाजूने एवढं बोलणं हाही कृपेचाच भाग समजा.

खतावणी

परतफेडीकडे येऊ. याच पायरीवर सगळ्यात जास्त घोळ होतात.

गणना 5:7 मध्ये मुद्दल अधिक पाचवा हिस्सा. 16,896 चा पाचवा हिस्सा 3,379 (वीस पैसे सोडले). एकूण 20,275. पाच हप्ते केले तर बरोबर 4,055 चा एक. शुभवर्तमानातल्या जक्कय जकातदाराने चौपट म्हटलं होतं, पण ते त्याने आपणहून म्हटलं. मंडळीने कोणावर चौपट लादू नये. पाचवा हिस्साही त्याने स्वतःहून द्यावा, मालकाने मागितला नसेल तरी.

पैसे जाणार कंपनीच्या खात्यात, बँकेतून. तपशिलात 'प्रवासभत्ता जादा उचल परत'. रोख देऊन 'साहेबांनी खिशात घातले' असं नंतर नको, पावती घ्याच. सही करणाऱ्या सहकाऱ्याच्या हातात पैसे देऊ नयेत, त्यानेही घेऊ नयेत.

दानपेटीत टाकून हिशेब फिटत नाही. 'दशमांश (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) वाढवून दिला' हे ऐकायला गोड आहे, पण देणं एकाचं आणि भरणा दुसरीकडे. वहीत अशी नोंद बसत नाही.

सोलापूरकर

मंडळीच्या गरीब निधीतून पहिला हप्ता भरला तर? घरात लहान मुलं असतात.

वकिलीण

नको. मंडळीचा निधी सार्वजनिक न्यासाचा असतो, तो न्यासाच्या उद्देशासाठीच खर्चता येतो, आणि ऑडिटर विचारणार. चारजणांनी वैयक्तिक दिले तर प्रश्न नाही.

पाळकाचीझोळी

आणि त्याला शास्त्रात नमुना आहे. फिलेमोन 18-19: तुझ्या दासाचं, अनेसिमाचं, काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन, आणि हे पौल स्वतःच्या हाताने लिहितो. 'जाऊ दे, सोडून दे' असं म्हणत नाही. खातं उघडं ठेवून आपलं नाव त्यात घालतो.

तिखटमीठ

बरं, एवढं मान्य. पण चौकशी लागली आणि सही करणाराच चौकशी समितीवर नेमला गेला तर?

एचआरकोपरा

पहिल्याच दिवशी लेखी कळवायचं: 'आम्ही एकाच चर्चचे सभासद आहोत, शिवाय मी या प्रकरणात साक्षीदार होऊ शकतो, मला समितीतून वगळावं.' दोन ओळी पुरतात. साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असेल तर चौकशी पुढे टिकतही नाही, म्हणजे यात त्याचाही फायदा आहे आणि कंपनीचाही.

शिक्षा किती यावर मत विचारलं तर आधीची उदाहरणं समोर ठेवा. मागच्या वर्षी अशाच प्रकारात दुसऱ्याला समज देऊन सोडलं असेल तर यालाही तेवढंच मिळावं असं खुशाल म्हणा. त्याला काढलं होतं आणि याला 'आपला' म्हणून समज, हे मागू नका. तुमचे शिंदे आणि शेख इथेच बघत असतात.

निलंबन झालं तर स्थायी आदेश (नोकरीच्या अटींचे प्रमाणित नियम) लागू असलेल्या ठिकाणी कामगाराला पहिल्या 90 दिवसांत पगाराच्या निम्मा निर्वाह भत्ता मिळतो, पुढे विलंब त्याच्यामुळे नसेल तर 75 टक्के. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं आणि ते मागतच नाहीत. त्याला अर्ज लिहून द्या. किराणा पोचवायचा तर या तीन महिन्यांत पोचवा.

सोलापूरकर

माफी खरी की तोंडदेखली, हे कशावरून ओळखायचं?

पाळकाचीझोळी

त्यात चार गोष्टी आहेत का बघा: काय केलं, किती, कोणाचं, आणि कधीपर्यंत परत. 'कळत नकळत कोणाचं मन दुखावलं असेल तर' या वाक्यात चारांतली एकही नाही. रडणं हा पुरावा नाही. न रडणंही नाही.

खजिनदारपद मात्र त्याने लगेच सोडावं, कबुलीच्या त्याच आठवड्यात, आणि वह्या दुसऱ्या दोघांनी तपासाव्यात. हे त्याला उघडं पाडण्यासाठी नाही. तरुण संघाचे पैसे बरोबर निघाले तर उद्या कोणी बोट दाखवू नये म्हणून. परतफेड पूर्ण झाल्यावर 2 करिंथ 2:6-8 वाचा: झाली तेवढी शिक्षा पुरे, आता धीर द्या, नाहीतर तो दुःखाने बुडून जाईल. इथे मंडळ्या हमखास चुकतात. आधी दडपतात, आणि एकदा उघड झालं की जन्मभर विसरत नाहीत. त्याला ताटं मांडायला बोलवा, गायनमंडळात बसू द्या. पैशांची पेटी पुन्हा हातात द्यायची घाई मात्र नको. क्षमा लगेच मिळते, विश्वास हप्त्याहप्त्याने.

वकिलीण

धाग्यात हे लिहिलंच पाहिजे: वर सांगितलेला 'आधी एकांतात बोला' हा क्रम प्रत्येक प्रकाराला लावू नका.

लैंगिक छळ असेल तर पीडित बाईला 'आधी भावाशी एकटी बोल' असं सांगणं क्रूरपणा आहे. 2013 च्या कायद्याने 10 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी; त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार शेवटच्या घटनेपासून 3 महिन्यांत. योग्य कारण असेल तर समिती आणखी 3 महिने वाढवू शकते. समेट फक्त तिने मागितला तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशांच्या बदल्यात कधीच नाही. म्हणजे पाळकांनी परस्पर दोघांना समोरासमोर बसवणं बसत नाही.

शाळा-वसतिगृहात मुलांवरचा अत्याचार असेल तर पॉक्सोप्रमाणे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा. तिथे एकांत नाही, मुदत नाही, 'लोकांत ख्रिस्ती साक्ष बिघडेल, मंडळीचं नाव जाईल' ही सबब नाही.

एचआरकोपरा

त्यात भर: औषधसाठ्यातली अफरातफर, क्रेन किंवा बॉयलरच्या तपासणीच्या खोट्या नोंदी. उद्या कोणाचा जीव जाणार असेल तर त्याच दिवशी वर कळवा. आणि दोषी माणूस तुमचा वरिष्ठ असेल तर एकट्याने जाऊ नका. मत्तय 18 ची दुसरी पायरी अशा ठिकाणी पहिली करायला हरकत नाही.

भोसरीकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, बरंच उलगडलं. एक शेवटचं. साहेबांना सांगून झालं, हप्ते ठरले. रविवारी चर्चच्या दारात त्याची बायको भेटते आणि विचारते, "भाऊजी, ऑफिसात काही झालंय का? हे जेवत नाहीत." काय सांगायचं?

खतावणी

"वहिनी, ते त्यांनाच विचारा." आणि दुपारी त्याला फोन: "वहिनी विचारत होत्या, मी काही बोललो नाही. आज सांग त्यांना. 4,055 महिन्याला घरातून जाणार आहेत, ते लपणार नाहीत."